पोकेमॉनचे टाइप: तक्ता पाठ करायला बसण्याआधी

पोकेमॉनच्या गेममध्ये पिकाचू या विजेच्या पोकेमॉनला घेऊन तुम्ही गुहेत शिरता. समोर जिओड्यूड येतो, दोन हात फुटलेला एक दगड. तुम्ही तुमच्याकडचा सगळ्यात जोरदार विजेचा झटका निवडता आणि पडद्यावर ओळ उमटते: काहीच परिणाम झाला नाही. थोडासा परिणाम झाला असंही नाही, चक्क शून्य. पुढच्या दोन-तीन वारांत पिकाचू आडवा होतो. नव्या खेळाडूची आणि टाइपची, म्हणजे आग, पाणी, वीज अशा पोकेमॉनच्या आणि वारांच्या प्रकारांची, पहिली गाठ बहुधा अशीच पडते. मग कोणत्या टाइपचा वार कोणत्या टाइपवर कसा बसतो याचा अठरा ओळी आणि अठरा रकान्यांचा रंगीबेरंगी तक्ता कोणीतरी हातात देतं आणि म्हणतं, "एवढा पाठ कर, मग खेळ."

मी तो पाठ करायला बसलो होतो आणि आठवड्याभरात कंटाळलो होतो. म्हणून तुम्हाला वेगळी वाट सांगतो. तक्त्यात एकूण ३२४ चौकटी आहेत. त्यातल्या २०४ चौकटींत विशेष काही घडतच नाही, वार जसा असायचा तसाच बसतो. ५१ चौकटींत वार दुप्पट बसतो, ६१ मध्ये निम्मा आणि फक्त ८ चौकटींत शून्य. नवखा माणूस त्या ५१ च्या मागे लागतो, कारण 'मी कोणाला हरवू शकतो' हा प्रश्न सगळ्यात आधी सुचतो. पण लढती टिकवून धरतात त्या उरलेल्या ६९ चौकटी. समोरून येणारा वार आपल्यापैकी कोण झेलू शकेल, हे त्या सांगतात. हा लेख त्याच क्रमाने जातो.

आधी एक गोंधळ मिटवू: टाइप कोणाचा?

टाइप दोन ठिकाणी असतो. पोकेमॉनला एक किंवा दोन टाइप असतात आणि प्रत्येक मूव्हला (लढतीतल्या डावाला) स्वतःचा एक. वार दुप्पट बसणार की निम्मा, हे ठरवताना गेम दोनच गोष्टी बघतो: मूव्हचा टाइप आणि मार खाणाऱ्याचा टाइप. वार करणारा कोण आहे याचा या हिशेबाशी संबंध नाही.

फायररेड या गेममधलं उदाहरण घ्या. तिथला पहिला जिम लीडर (वाटेत हरवावा लागणारा बडा प्रतिस्पर्धी) ब्रॉक, त्याच्याकडे जिओड्यूड आणि ऑनिक्स, दोन्ही रॉक आणि ग्राउंड टाइपचे. तुम्ही सुरुवातीला चारमँडर निवडला असेल तर पंचाईत, कारण फायर मूव्ह रॉकवर निम्मी बसते. पण १३व्या लेव्हलला चारमँडर मेटल क्लॉ शिकतो. चारमँडर फायरचाच राहतो, मूव्ह मात्र स्टील टाइपची आहे आणि स्टील रॉकवर दुप्पट बसतं. एवढ्या एका मूव्हने तो जिम सोपा होतो. दोन लेव्हल वाढवायला थांबलेला खेळाडू आणि चिडून पुन्हा पुन्हा आगच ओकणारा खेळाडू, फरक इतकाच असतो.

वार करणाऱ्याचा टाइप कामाला येतो तो एकाच ठिकाणी. मूव्हचा टाइप आणि पोकेमॉनचा टाइप एकच असेल, तर वाराला दीडपट जोर मिळतो. खेळणारे याला 'स्टॅब' म्हणतात. चारमँडरच्या आगीला तो जोर मिळतो, मेटल क्लॉला मिळत नाही.

आणि रूपावर जाऊ नका. सुडोवुडो झाडासारखा दिसतो, पण आहे रॉक. सायडक नावावरून सायकिक वाटतो, आहे निव्वळ वॉटर. ग्यारडॉस आणि चॅरिझार्ड दोघेही ड्रॅगन वाटतात आणि दोघेही नाहीत: पहिला वॉटर-फ्लाइंग, दुसरा फायर-फ्लाइंग. शंका आली की पोकेडेक्स (गेममधली पोकेमॉनची माहितीवही) उघडून बघा. नवीन गेममध्ये एक मोठी सोय आहे. सन आणि मून (२०१६) पासून, ज्याच्याशी तुम्ही आधी एकदा लढला आहात त्याच्यासमोर मूव्ह निवडताना ती कितपत लागू पडेल हे मूव्हपाशीच लिहून येतं. सुरुवातीचे पहिले काही तास ती ओळ न चुकता वाचा. निम्मा तक्ता त्यातूनच डोक्यात बसतो.

आग, पाणी, पालवी

बहुतेक मुख्य गेमची सुरुवात तीन पोकेमॉनमधून एक निवडण्याने होते: ग्रास, फायर आणि वॉटर. हा त्रिकोण शिकवण्यासाठीच ती निवड आहे. आग पालवी जाळते, पाणी आग विझवतं, पालवी पाणी शोषते. उलट दिशेने प्रत्येक वार निम्मा.

आता त्यात स्टॅब मिसळा. चारमँडरची आग बल्बासॉरवर पडली तर दीड गुणिले दोन, म्हणजे तिप्पट. बल्बासॉरचा वेलीचा फटका चारमँडरवर पडला तर दीड गुणिले अर्धा, म्हणजे पाऊणपट. बाकी सगळं सारखं धरलं, तर दोन वारांत चौपटीचा फरक पडला. चार-पाच लेव्हलने मागे असलेला पोकेमॉन योग्य टाइपच्या जोरावर जिंकतो तो यामुळेच. फक्त लेव्हल वाढवत बसण्यापेक्षा टाइप बघणं स्वस्त पडतं.

आठ शून्यं

आता त्या आठ चौकटी. इतकंच पाठ करा, बाकी काही नाही.

इलेक्ट्रिक मूव्ह ग्राउंडवर चालत नाही, वीज जमिनीत जिरून जाते. ग्राउंड मूव्ह फ्लाइंगवर चालत नाही, कारण जमीन कितीही हादरली तरी हवेतल्याला काय. नॉर्मल आणि घोस्ट यांचं एकमेकांवर काहीच चालत नाही, आणि फायटिंगच्या बुक्क्याही घोस्टच्या आरपार जातात. पॉयझन स्टीलवर चालत नाही, लोखंडाला विष कसं चढणार! ही सहा कारणासकट लक्षात राहतात.

उरलेली दोन समजायला थोडा इतिहास लागतो. २७ फेब्रुवारी १९९६ रोजी जपानमध्ये गेम बॉयवर पहिले गेम आले, तेव्हा १५१ पोकेमॉन आणि १५ टाइप होते. त्यात सायकिक टाइप सगळ्यांना भारी पडायचा. त्याच्यावर घोस्ट मूव्ह दुप्पट बसायला हव्या होत्या, पण त्या गेममध्ये त्या शून्य बसायच्या, आणि बग टाइपच्या मूव्हमध्ये फारसा दम नव्हता. १९९९ मध्ये गोल्ड आणि सिल्व्हरमध्ये डार्क आणि स्टील हे टाइप आले, आणि डार्कवर सायकिक मूव्ह शून्य ठेवली गेली. पुढे हेच ड्रॅगनच्या बाबतीत झालं. २०१३ मध्ये एक्स आणि वायमध्ये फेअरी हा अठरावा टाइप आला आणि त्याच्यावर ड्रॅगन मूव्ह शून्य झाली. म्हणजे ही दोन शून्यं दोन दादा टाइपना आवरण्यासाठी घातलेली आहेत, असं लक्षात ठेवा.

याच इतिहासामुळे एक सावधगिरी: हाती आलेल्या तक्त्यात १७ च टाइप असतील तर तो २०१३ च्या आधीचा आहे. त्यात स्टील हा डार्क आणि घोस्टचे वार निम्मे झेलताना दिसेल. आता ते तसं राहिलेलं नाही.

दोन टाइप असले की गुणाकार

समोरच्याला दोन टाइप असतील तर दोन्हींचा परिणाम गुणून घ्यायचा. ऑनिक्स रॉक आणि ग्राउंड, दोघांवरही पाणी दुप्पट, म्हणून ऑनिक्सवर चौपट. ग्रासही चौपट. ब्रॉकच्या जिममध्ये स्क्वर्टल किंवा बल्बासॉर घेऊन गेलेल्याला जिम लगेच संपल्यासारखा वाटतो तो त्यामुळे.

मॅजिकार्प निव्वळ वॉटर, त्याच्यावर वीज दुप्पट. २०व्या लेव्हलला तो ग्यारडॉस होतो, त्याला फ्लाइंग हा दुसरा टाइप मिळतो आणि विजेचा वार एकदम चौपट होतो. पण त्याच बदलाने ग्राउंड मूव्ह त्याच्यावर शून्य झाल्या, आणि ग्रास, जी आधी दुप्पट बसायची, ती दोन गुणिले अर्धा करून साधारण वारावर आली. उत्क्रांती झाली म्हणजे पोकेमॉन सगळ्या बाजूंनी भक्कम झाला असं धरू नका. टाइप बदलला का, ते आधी बघा.

शून्याने कशालाही गुणलं तरी शून्यच. क्वॅगसायर वॉटर-ग्राउंड आहे. पाण्यावर वीज दुप्पट, जमिनीवर शून्य, गुणाकार शून्य. पाण्यातला प्राणी दिसला म्हणून विजेचा झटका मारणारे इथे हमखास फसतात. त्याच्यावर ग्रास मात्र चौपट बसतं.

अशा चौपटीच्या जागा काही जोड्यांत वारंवार भेटतात. ड्रॅगनाइट आणि गारचोम्पवर बर्फ चौपट, टायरॅनिटारवर फायटिंग चौपट, सिझरवर आग चौपट. मोठे, धडकी भरवणारे पोकेमॉन बहुतेकदा अशा एखाद्या भेगेतूनच पडतात.

बाकीच्या चौकटी कशा शिकायच्या

एकेक टाइप वर्णक्रमाने घेऊ नका. स्टीलपासून सुरुवात करा, कारण निम्म्या चौकटींचा सगळ्यात मोठा गठ्ठा त्याच्याकडे आहे. स्टीलवर दहा टाइपचे वार निम्मे बसतात आणि पॉयझन शून्य. म्हणून त्याची यादी उलटी लक्षात ठेवा: त्याला फक्त फायर, फायटिंग आणि ग्राउंड यांचीच भीती. आगीने वितळतं, बुक्कीने वाकतं, जमिनीत गंजतं. टीममध्ये एक तरी स्टील असावा हे माझं ठाम मत आहे. नवख्याच्या हातून चुका होतात, आणि चुका पोटात घालणारा दुसरा टाइप इतका चांगला नाही.

मग आइस बघा, कारण तो अगदी उलटा. त्याच्या मूव्ह ग्रास, ग्राउंड, फ्लाइंग आणि ड्रॅगन अशा चार उपयोगी टाइपवर दुप्पट बसतात, पण स्वतः तो फक्त आइसचाच वार निम्मा झेलतो. म्हणून आइसची मूव्ह जवळ बाळगा, आणि शक्य असेल तर ती एखाद्या वॉटर पोकेमॉनला शिकवा. बऱ्याच वॉटर पोकेमॉनना ती शिकता येते.

फायटिंग आणि ग्राउंड, दोघांचेही वार पाच-पाच टाइपवर दुप्पट बसतात, यापेक्षा जास्त कोणाचेच नाहीत. ग्रास आणि बग यांचे वार सात-सात टाइपवर निम्मे होतात. तरी बगला टाकून देऊ नका, सायकिक आणि डार्क दोघांवरही तो दुप्पट आहे. फेअरीवर काय चालतं ते पटकन आठवत नाही: पॉयझन आणि स्टील. उरलेलं खेळता खेळता कळेल.

वार झेलायला कोणाला पाठवायचं

नवखा खेळाडू पहिला पोकेमॉन पडेपर्यंत लढवतो, मग दुसरा काढतो. ही सवय मोडली की खेळ बदलतो. पोकेमॉन बदलण्यात तुमची पाळी जाते हे खरं, पण येणारा वार नव्याने आलेल्याच्या अंगावर पडतो. तो कोण असावा हे तुम्ही निवडू शकता.

समजा तुमचा पिकाचू आहे आणि समोर सँडश्रू. तुमची वीज शून्य, त्याची जमीन दुप्पट. इथे लढत राहण्यात काही अर्थ नाही. पिजीला बाहेर काढा. सँडश्रूने ग्राउंड मूव्ह टाकलेली असेल तर ती पूर्ण वाया जाते, आणि पिकाचू सुखरूप परततो. आता मात्र थांबून विचार करा: सँडश्रूला रॉक टाइपची एखादी मूव्ह येत असेल, तर ती पिजीवर दुप्पट बसेल. म्हणून तिथेच ठाण मांडून न बसता पुढच्या पाळीला वॉटर किंवा ग्रास पोकेमॉनचा विचार करा. दोन्ही सँडश्रूवर दुप्पट बसतात.

दर पाळीला स्वतःला दोन प्रश्न विचारा. समोरचा स्टॅबच्या जोरावर कोणत्या टाइपचा वार टाकेल? आणि तो निम्मा किंवा शून्य करणारा माझ्याकडे कोण आहे? दोन दिवसांत ही सवय बोटात येते.

काही पोकेमॉनची ॲबिलिटी (अंगची खास खुबी) हा हिशेब मोडते. कॉफिंग पॉयझनचा, त्याच्यावर ग्राउंड दुप्पट बसायला हवं, पण त्याच्याकडे लेव्हिटेट असेल तर तो अधांतरी असतो आणि वार शून्य. व्हेपोरिऑनला वॉटर ॲब्सॉर्ब असेल तर पाण्याने त्याचा एचपी (उरलेली जीवशक्ती) उलट वाढतो. स्कार्लेट आणि व्हायोलेटमध्ये (२०२२) तर टेरास्टलाइझ केल्यावर लढतीत पोकेमॉनचा टाइपच बदलतो. सुरुवातीला यात अडकू नका. एखादा वार अनपेक्षितपणे फुकट गेला, तर त्याची ॲबिलिटी वाचायची एवढं ध्यानात असू द्या.

पकडतानाही टाइप

याबद्दल नवख्यांना कोणी फारसं सांगत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

जंगली पोकेमॉन पकडायचा तर त्याचा एचपी कमी करायचा आणि त्याला झोपवायचं किंवा लकवा आणायचा. एचपी अगदी एकावर आणला तर पकडण्याची शक्यता भरल्या एचपीच्या जवळपास तिप्पट होते. झोप असेल तर नव्या गेममध्ये ती आणखी अडीचपट, लकवा असेल तर दीडपट. विष आणि भाजणं यांनीही दीडपट होते, पण दर पाळीला एचपी झिजत राहतो आणि पोकेमॉन पकडायच्या बॉलमध्ये यायच्या आधीच बेशुद्ध पडू शकतो. ते टाळा.

एचपी एकावर आणून थांबवणारी मूव्ह म्हणजे फॉल्स स्वाइप. ती नॉर्मल टाइपची आहे, म्हणजे घोस्टवर शून्य. इथे तक्त्यातल्या 'निरुपयोगी' चौकटी कामाला येतात. गास्टली घोस्ट आणि पॉयझन आहे, दोघांवरही बग मूव्ह निम्मी, म्हणजे एकूण पाव. तुमच्याकडे दुबळी बग मूव्ह असेल तर गास्टलीला न पाडता हळूहळू खाली आणता येतं. लढताना जी मूव्ह तुम्ही चुकूनही निवडली नसती, तीच इथे सगळ्यात नेमकी ठरते.

झोपेच्या बाबतीतही तसंच. स्लीप पावडर ग्रास पोकेमॉनवर २०१३ पासून चालत नाही, तिथे लकवा आणणारी थंडर वेव्ह वापरा. थंडर वेव्ह ग्राउंडवर चालत नाही, कारण ती इलेक्ट्रिक मूव्ह आहे, आणि आता इलेक्ट्रिक पोकेमॉनला लकवाच होत नाही. त्या दोघांना झोपवा. म्हणजे पिशवीत दोन्ही उपाय हवेत. नेट बॉल बग आणि वॉटर पोकेमॉनसाठी आहे, सन आणि मूनपासून तो त्यांच्यावर साधारण साडेतीनपट चालतो, आणि दोनपैकी एक टाइप जुळला तरी पुरतं. म्हणून ग्यारडॉससाठीही तो चालतो.

मोबाइलवरचा पोकेमॉन गो (२०१६) खेळत असाल तर आकडे वेगळे आहेत. तिथे दुप्पट म्हणजे १.६ पट, स्टॅब १.२ पट, आणि शून्य नाहीच: जिथे मुख्य गेममध्ये वार फुकट जातो तिथे गोमध्ये तो ०.३९ पट बसतो. कोण कोणावर भारी हे मात्र तेच.

सहा जागा भरताना

टीममध्ये सहा पोकेमॉन, प्रत्येकाला चार मूव्ह. चार मूव्ह एकाच टाइपच्या ठेवणं ही सगळ्यात सर्रास दिसणारी चूक. एक-दोन मूव्ह स्टॅबच्या ठेवा, बाकीच्या अशा निवडा की स्टॅब जिथे निम्मी पडते तिथे त्या लागतील. वीज आणि बर्फ एकाच पोकेमॉनकडे असतील तर जोडी फार चांगली जमते: विजेला अडवणाऱ्यांपैकी ग्राउंड, ग्रास आणि ड्रॅगन तिघेही बर्फाने दुखावतात. दोन्ही वार निम्म्यावर झेलणारे मॅग्नेमाइटसारखे थोडेच.

मग एक कागद घ्या. डावीकडे टीममधली नावं, प्रत्येकासमोर त्याला दुप्पट किंवा चौपट लागणारे टाइप लिहा. एकच टाइप तीनदा आला तर टीममध्ये भोक आहे. सुरुवातीला सगळ्यांकडे असते तशी टीम घेऊ: चॅरिझार्ड, बटरफ्री, पिजॉट. तिघेही उडणारे, तिघेही देखणे. लिहून काढलं की दिसतं: रॉक चॅरिझार्डवर चौपट, बटरफ्रीवर चौपट, पिजॉटवर दुप्पट. वीज तिघांवर दुप्पट. एक साधा रॉक पोकेमॉन या तिघांना ओळीने संपवू शकतो.

आता समजा चौथ्या जागी तुमच्याकडे ईव्ही आहे. ईव्ही आठ वेगवेगळ्या टाइपमध्ये उत्क्रांत होऊ शकते आणि एकदा झाली की मागे येता येत नाही, म्हणून आवडीच्या रंगावरून ठरवण्याआधी तो कागद बघा. रॉकला उत्तर हवं, तर व्हेपोरिऑन (वॉटर) आणि लीफिऑन (ग्रास) दोघांचे वार त्याच्यावर दुप्पट बसतात. पण विजेचं काय? व्हेपोरिऑनवर ती दुप्पट, म्हणजे वीज चौघांवर दुप्पट होऊन भोक आणखी मोठं झालं. लीफिऑन वीज निम्मी झेलतो, पाणीही निम्मं झेलतो, आणि वीज-पाणी या चॅरिझार्डच्या उरलेल्या दोन दुखऱ्या जागा आहेत. उलट बाजूने, लीफिऑनवर दुप्पट बसणारी आग चॅरिझार्डवर निम्मी आणि बग पाव बसतं. डायमंड-पर्ल (२००६) किंवा त्यानंतरचा, लीफिऑन मिळणारा गेम तुम्ही खेळत असाल तर ईव्हीला लीफिऑन करा. नसेल, तर तिला थोडे दिवस ईव्हीच राहू द्या आणि वीज झेलायला आधी एखादा ग्राउंड पोकेमॉन शोधा.